तांबड्या घरांच्या मुलखात



आपण घराला रंग कधी देतो? घरात लग्न निघाले की, नाहीतर दिवाळी तोंडावर आली की. दुकानात जातो, डब्याचा भाव विचारतो, रंगाऱ्याशी घासाघीस करतो आणि खर्चाचा आकडा मांडतो. मीही आजवर असाच मांडत आलो. पण २०२४ च्या उन्हाळ्यात एका परक्या मुलखात सहा आठवडे राहण्याचा योग आला आणि रंगाचा खर्च मांडायची माझी रीतच बदलली. तीच हकीकत आज सांगतो. घर तिकडचे असले तरी गोष्ट आपल्या भिंतींनाही लागू पडणारी आहे.

माझी थोरली लेक आणि जावई स्वीडन देशात नोकरीला आहेत. "आप्पा, एकदा तरी या," असा तिचा धोशा होता. रजा मंजूर झाली आणि मे महिन्याच्या शेवटी मी आणि सौ. मुंबईहून निघालो. स्टॉकहोमजवळच्या आर्लांडा विमानतळावर उतरलो. तिथूनच आगगाडी मिळते. दोन-सव्वादोन तासांत बोरलेंगे नावाचे गाव आले. हा दालार्ना परगणा.

गाडीच्या खिडकीतून मी शेतकऱ्याच्या नजरेने पाहत होतो. पाइन आणि स्प्रूसची दाट जंगले, मधून मधून पांढऱ्या सालीचे बर्च, म्हणजे आपल्या भूर्जपत्राच्या झाडाचे भाऊबंद. सातू आणि ओटची शेते. मुरघासाचे मोठमोठे गोल भारे पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बांधाला ओळीने ठेवलेले. आणि सगळीकडे तांबडी घरे! घर तांबडे, गोठा तांबडा, सरपणाची खोपसुद्धा तांबडी. कोपरे आणि खिडक्यांच्या चौकटी तेवढ्या पांढऱ्या. एकाच कुंभाराच्या आव्यातून निघावीत तशी ती घरे दिसत होती.

लेकीचे घर गावाबाहेर एका वस्तीवर आहे. शंभर वर्षांचे जुने, ओंडक्यांचे. त्या देशात जंगल अमाप आणि हिवाळा कडक. म्हणून जुन्या लोकांनी लाकडाचीच घरे बांधली. ओंडके तासून एकावर एक आडवे रचायचे, कोपऱ्यात खाचा पाडून एकमेकांत अडकवायचे आणि दोन ओंडक्यांच्या फटीत शेवाळ दाबून भरायचे. वारा आत येत नाही, ऊब बाहेर जात नाही. लेकीने आणि जावयाने हे घर २०२३ साली बँकेचे कर्ज काढून घेतले. घेताना सगळ्यात जास्त काय आवडले, तर दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या भिंतींचा चकचकीत तांबडा रंग!

मी गेलो तेव्हा त्या चकचकीत रंगाला पापुद्रे सुटू लागले होते. पावसापूर्वी सोडवायचा प्रश्न हाच होता. जावयांनी रंगाऱ्याला बोलावले. त्याने घराभोवती दोन फेऱ्या मारल्या, नखाने एक पापुद्रा उचकटून पाहिला आणि म्हणाला, हा प्लॅस्टिकचा रंग आहे, तो सगळा खरवडून काढावा लागेल. नंतर दोन हात. अंदाजे १०० तासांचे काम. तेव्हा तिकडे रंगाऱ्याची मजुरी तासाला ५०० क्रोनरच्या वर होती. त्या साली एक क्रोनर म्हणजे आपले सुमारे आठ रुपये. म्हणजे तासाला चार हजार रुपये! १०० तासांचे ५०,००० क्रोनर झाले. घरदुरुस्तीच्या मजुरीतले ३० टक्के तेव्हा तिथले सरकार करात सोडत असे, तरी ३५,००० उरलेच. आपले २,८०,००० रुपये, आणि रंग त्यात धरलेलाच नाही.

सौ. म्हणाली, "अहो, एवढ्यात तर आपल्याकडे दोन खोल्या उभ्या राहतात!" जावईही हबकले. कर्जाचे हप्ते चालू होते. ते म्हणाले, "बाबा, असं करू. सुटलेले पापुद्रे तेवढे काढू आणि त्याच्यावर तोच रंग पुन्हा मारू. दोन-तीन डब्यांत आणि दोन सुट्ट्यांत काम होतं." मलाही ते पटले. आपला स्वभावच तसा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारचे आजोबा आले. वय अठ्ठ्याहत्तर. जन्मभर गाई पाळल्या, आता गोठा मुलगा पाहतो. त्यांची भाषा मला येत नाही, लेक मध्ये बसून सांगत होती. आजोबांनी भिंत पाहिली, हातानेच चाचपली आणि खिशातून चाकू काढला. पश्चिमेच्या खिडकीखाली, जमिनीलगतच्या ओंडक्यात त्यांनी तो टोचला. लोण्यात जावी तशी सगळी पाती आत गेली. बाहेर काढली तर तिला ओला भुसा चिकटलेला. वरून रंग मात्र नव्यासारखा!

आजोबा म्हणाले, "घर घेताना रंग पाहायचा नसतो, खालचा ओंडका पाहायचा असतो."

असे का झाले ते त्यांनी समजावून दिले आणि मला ते लगेच उमगले. लाकूड ऊन-पावसात फुगते, आटते. प्लॅस्टिकचा रंग म्हणजे लाकडावर चढवलेली पिशवी. लाकूड हलले की पिशवीला बारीक चीर पडते. चिरीतून पावसाचे पाणी आत शिरते, पण बाहेर पडायला त्याला वाट नसते. ओले धान्य कणगीत भरून तोंड लिंपून टाकले तर काय होईल? बुरशी येईल. लाकडाचे तेच झाले. हा रंग सगळीकडेच वाईट असे नाही. रंधा मारलेल्या, मागून वारा खेळत्या असलेल्या फळ्यांना तो चालतो. पण जुन्या ओंडक्यांच्या भिंतीला तो मानवत नाही.

मंडळी, हे ऐकत असताना मी खाली मान घालून बसलो होतो. लेकीने हळूच विचारले, "आप्पा, आजीच्या भिंतीसारखं झालंय का हे?"

ती गोष्ट आजवर मी कुठे लिहिली नव्हती. जुन्नर तालुक्यातले आमचे घर पांढरीच्या मातीचे. माझी आई दर सणाला भिंती सारवायची, वरून चुना, खाली गेरूचा पट्टा. मी शेतकीची पदवी घेतली, नोकरीला लागलो आणि १९९२ साली माझ्या लग्नाच्या वेळी हौसेने मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करवला. त्यावर ऑइलपेंट. "आता सारवायची कटकट गेली," असे मीच आईला सांगितले. सगळा गाव पाहायला आला होता.

२००५ च्या पावसाळ्यात एका पहाटे स्वयंपाकघराची मागची भिंत बसली. आई नेमकी गोठ्यात धार काढायला गेली होती, म्हणून वाचली. गवंड्याने ढिगारा उपसला तेव्हा दिसले की गिलावा नारळाच्या करवंटीसारखा शाबूत आहे आणि आतल्या मातीचा भिजून चिखल झालेला आहे. जमिनीतून आणि फटींतून ओल चढत होती, ती बाहेर पडायची वाट मी बुजवली होती. वडील रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "तुझ्या पुस्तकात भिंतीचा धडा नव्हता का रे?" लेक तेव्हा अकरा वर्षांची होती. तिने ते ऐकले होते आणि लक्षात ठेवले होते.

मी जावयांना म्हणालो, "जावईबापू, खरवडायचं. मजुरी मी करतो."

आजोबांनी सुचवले की काम सुरू करण्याआधी रंग कुठे जन्मतो ते पाहून या. म्हणून रविवारी आम्ही फालूनला गेलो. बोरलेंगेपासून वीसेक किलोमीटर. तिथे तांब्याची जुनी खाण आहे. सतराव्या शतकात युरोपातल्या तांब्याचा मोठा वाटा एकट्या या खाणीतून निघत असे. डिसेंबर १९९२ मध्ये खाण बंद झाली आणि २००१ साली तिला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. माणसांनी पोखरून पोखरून डोंगराचा असा सांगाडा केला होता की १६८७ च्या जून महिन्यात तो कोसळला. आज तिथे सुमारे शंभर मीटर खोल खड्डा आहे. कडेला उभे राहिले की पोटात गोळा येतो. पण त्या दिवशी मध्य-उन्हाळ्याचा सण होता, कामगारांना सुट्टी होती. एकही माणूस दगावला नाही. हे ऐकताना मला गोठ्यात धार काढणारी आई आठवली.

जमिनीखाली ६७ मीटरपर्यंत उतरून खाण पाहता येते. बारा महिने तिथे पाच-सहा अंश थंडी. तिथेच मात्स इस्राएल्सनची गोष्ट ऐकली. हा तरुण १६७७ साली खाणीत गेला तो परत आलाच नाही. १७१९ साली पाण्याने भरलेल्या एका जुन्या बोगद्यात एक प्रेत सापडले, अगदी कालच मेल्यासारखे. ओळखणार कोण? तेव्हा एक म्हातारी पुढे आली आणि तिने त्याला ओळखले. ४२ वर्षांपूर्वी तिचे त्याच्याशी लग्न ठरलेले होते. ती म्हातारी झाली होती, तो तसाच तरुण! खाणीतल्या पाण्यात मुरलेल्या हिराकसाने त्याचे शरीर टिकवले होते. ही हिराकस लक्षात ठेवा, पुढे ती रंगात येणार आहे.

तांबे काढून झाल्यावर उरलेल्या टाकाऊ दगडमातीचे तिथे डोंगर आहेत. शेकडो वर्षे ऊन-पाऊस खाऊन ती माती गंजली. ती धुतात, गाळ निवळू देतात, वाळवतात आणि भट्टीत भाजतात. कच्चा गाळ पिवळट असतो, भाजला की तांबडा होतो. आपल्या विटेचे, मडक्याचे तसेच. हाच फालूनचा तांबडा रंग, त्यांच्या भाषेत 'फालू रोदफॅर्य'. सोळाव्या शतकात तो राजवाड्यांच्या छपरांना लागला. पुढे सरदार-दरकदारांनी आपली लाकडी घरे विटांची दिसावीत म्हणून तो लावला आणि एकोणिसाव्या शतकात तो शेतकऱ्यांच्या घरांवर पोचला. १७६४ सालापासून तो धंदा म्हणून बनतो आहे. खाण बंद झाली, पण जुन्या ढिगाऱ्यांवर रंगाचे काम अजून चालू आहे. एके काळचा कचरा आज सगळ्या देशाचे घर सजवतो.

परत आल्यावर कामाला लागलो. रंगाचे दहा लिटरचे तयार डबे तेव्हा हजार क्रोनरच्या आसपास मिळत होते. पण आजोबांकडे जुनी मोठी कढई होती. ते म्हणाले, घरीच शिजवू. अंगणात चूल मांडली. त्यांचे प्रमाण असे: पाणी ५० लिटर, हिराकस २ किलो, राय नावाच्या धान्याचे पीठ अडीच किलो, तांबड्या रंगाची भुकटी ८ किलो आणि जवसाचे उकळलेले तेल ४ लिटर. आधी उकळत्या पाण्यात हिराकस विरघळवायची. मग पीठ गुठळ्या न होऊ देता घोटून पंधरा मिनिटे शिजवायचे. मग भुकटी घालून पंधरा मिनिटे आणि शेवटी तेल घालून आणखी पंधरा मिनिटे.

सौ. पाहत होती. ती म्हणाली, "ही तर आपली खळच की हो!" अगदी खरे. पिठाची खळ रंगाला लाकडावर चिकटवते, हिराकस बुरशीला आवरते, जवसाचे तेल पाणी झटकते आणि तांबडी भुकटी उन्हाचा मारा सोसते. गेरू, खळ, हिराकस आणि जवस, चारही वस्तू आपल्या ओळखीच्या. एका कढईत जवळजवळ सगळ्या घराचा रंग तयार झाला. एक धोक्याची सूचना इथेच देतो. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या आपोआप तापून पेट घेतात. आजोबांनी त्या पाण्यात बुडवून ठेवायला लावल्या.

पण रंग शिजवणे हा खेळ होता. खरे काम खरवडण्याचे. प्लॅस्टिकच्या रंगावर हा रंग धरत नाही, म्हणून कण न् कण काढावा लागला. पत्रीने आणि तारेच्या घासणीने मी, जावई आणि लेक रोज खरवडत होतो. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून नाकाला मास्क बांधले होते आणि खाली ताडपत्री अंथरली होती. जूनमध्ये तिकडे रात्री दहानंतरही उजेड असतो. जावई कचेरीतून आले की जेवून पुन्हा भिंतीला लागायचे. खांदे भरून यायचे, बोटांना फोड आले. सुताराने कुजलेला खालचा ओंडका कापून नवा बसवला. त्या एका ओंडक्याचे २६,००० क्रोनर झाले. पूर्वीच्या मालकाच्या चकचकीत रंगाची ही खरी किंमत!

लेकीने वहीत सगळे तास मांडले होते, ते तुम्हाला सांगतो. भिंती एकूण १०० चौरस मीटर, म्हणजे हजारावर चौरस फूट. त्यातल्या प्लॅस्टिक लावलेल्या दोन भिंती, सुमारे निम्मे क्षेत्र. तेवढ्या खरवडायला लागले ६४ तास. उरलेल्या दोन भिंतींना पूर्वीपासून फालूनचाच रंग होता. तिथे सुटी भुकटी नुसती घासणीने झाडायची होती. त्याला लागले ९ तास. मग सगळ्या घराला दोन हात द्यायला २७ तास. बेरीज बरोबर १००. रंगाऱ्याचा अंदाज एका तासानेही चुकला नव्हता.

आता तुम्हीच पाहा. सारख्याच क्षेत्राला एकीकडे ६४ तास आणि दुसरीकडे ९. डब्याच्या किमतीत हा फरक कुठे दिसतो? एक लिटर तांबडा रंग तीन-चार चौरस मीटर भिंतीला पुरतो, प्लॅस्टिकचा त्याच्या दुप्पट. दुकानात उभे राहून हिशेब केला तर प्लॅस्टिकचाच रंग स्वस्त दिसेल. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तसा रंग चार आण्यांचा आणि खरवडणे बारा आण्यांचे. आणि ते बारा आणे रंग लावणाऱ्याला नव्हे, त्याच्या मागून येणाऱ्याला भरावे लागतात.

तांबड्या रंगालाही उणीव आहे. त्याला चमक नाही. भिंतीला टेकले की पाठ तांबडी होते. सौ.ची एक साडी त्यात गेली. भर उन्हात आणि पावसाच्या दिवसांत तो लावता येत नाही. दहाएक वर्षांनी पुन्हा हात द्यावा लागतो. पण तेव्हा खरवडायचे नसते, झाडायचे आणि लावायचे. आजोबा म्हणाले, "हा रंग कपड्याला लागतो, कारण तो थोडा थोडा झिजतो. झिजतो म्हणून साचत नाही. साचत नाही म्हणून माझ्या नातवाला तो काढावा लागणार नाही."

त्यांच्या मध्य-उन्हाळ्याच्या सणाच्या दोन दिवस आधी काम पुरे झाले. सणाच्या दिवशी वस्तीवरची माणसे आली, घराभोवती फिरली, कोणी काही बोलले नाही. भिंत बाकीच्या घरांसारखीच दिसत होती. तीच शाबासकी.

बंधू-भगिनींनो, तिकडचा रंग इकडे आणा असे मी म्हणत नाही. आपला पाऊस वेगळा, वाळवी वेगळी, भिंती वेगळ्या. पण एक प्रश्न मात्र तिकडून जरूर आणा. रंगाऱ्याला, गवंड्याला भाव विचारण्याआधी विचारा, "या भिंतीतली ओल यातून बाहेर पडेल का? आणि पुढच्या वेळी हे काढायला किती कष्ट पडतील?" मातीच्या भिंतीला मातीचा लेप आणि चुना मानवतो, सिमेंट आणि ऑइलपेंट नाही. आधीच गिलावा झालेला असेल तर बोटाच्या पेराने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला किंवा तळाशी ओल दिसली तर वरून रंग मारून झाकू नका. पावसाळ्याआधी तेवढा भाग उघडा करा, भिंत वाळू द्या आणि घराभोवतीचे पाणी लांब जाईल असा चर काढा. खर्च होईल, पण भिंत पडण्याच्या खर्चापेक्षा तो थोडाच असेल.

आमच्या घराची मागची भिंत २००५ नंतर विटांची झाली. मधल्या घराच्या मातीच्या भिंतींवर मात्र माझा तो गिलावा अजून तसाच होता. आधी पैसे नव्हते, मग लाज होती. स्वीडनहून आल्यावर त्याच वर्षी दिवाळीआधी धाकट्या भावाला सोबत घेतले आणि छिन्नी-हातोड्याने तो सगळा उतरवला. माती वाळू दिली, लेप दिला, चुना दिला.

आईला आता नीट दिसत नाही. दिवाळीच्या पहाटे ती भिंत धरून उठली, तळहात तसाच भिंतीवर ठेवून थोडी थांबली आणि म्हणाली, "कोरडी आहे रे."

एवढेच सांगायचे होते. राम राम.